कुंडीतील निवडुंगाची कूज

कुंडीत लावलेल्या निवडुंगाची मुळे, बुड किंवा खोड बुरशीमुळे अथवा जिवाणूंमुळे सडत जाणे म्हणजे निवडुंगाची कूज. मूळकूज, बुडकूज, खोडकूज ही नावे ती कुठे दिसते त्यावरून पडली आहेत. बहुतेक वेळा तिघींची सुरुवात मातीखालीच होते. नागपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तरी इथल्या गच्च्यांवरचे निवडुंग उन्हाने क्वचितच मरतात. ते कुजून मरतात.

‘पाणी जास्त झालं’ हे नेहमीचे निदान अर्धेच खरे आहे. पाणी किती घातले यापेक्षा ते मुळांशी किती वेळ थांबले हे महत्त्वाचे. ओल्या, घट्ट मातीत हवा खेळत नाही, बारीक मुळे गुदमरून मरतात आणि त्या मेलेल्या भागातून रोग आत शिरतो. फ्युजेरियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी, मऊकूज करणारे जिवाणू आणि फायटॉप्थोरा ही जलबुरशी हे त्यातले नेहमीचे कारक. फायटॉप्थोराचे बीजाणू पाण्यात पोहत एका मुळावरून दुसऱ्यावर जातात. तिच्या एका जातीचे नावच ‘कॅक्टोरम’ आहे, कारण १८७० मध्ये तिचे पहिले वर्णन कुजलेल्या निवडुंगांवरून झाले. नागपूरजवळच्या काटोलकडच्या संत्रा बागायतदारांना हे कुळ चांगले ठाऊक आहे, कारण संत्र्याच्या खोडातून डिंक गळणाऱ्या डिंक्या रोगामागे याच कुळातल्या इतर जाती असतात. म्हणून तिथे झाडाभोवती मातीची एकात एक अशी दोन गोल आळी करतात, पाणी बाहेरच्या आळ्यात सोडतात, खोड कोरडे ठेवतात आणि पावसाळ्याच्या आगेमागे त्याला मोरचूद-चुन्याचे बोर्डो मलम लावतात. निवडुंगाच्या बुडालाही नेमकी हीच काळजी लागते.

नागपुरात धोक्याचे दोन काळ आहेत. पहिला मे महिना, जो कुणाच्या ध्यानात येत नाही. निवडुंग आपली रंध्रे, म्हणजे अंगावरची सूक्ष्म छिद्रे, रात्री उघडतो. दिवसा ती मिटलेली असतात. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आसपास रात्रही ३० अंशांच्या जवळपास राहते, तेव्हा पुष्कळ जाती वाढ थांबवून स्वस्थ बसतात आणि पाणी जवळजवळ उचलत नाहीत. नेमके तेव्हाच जीव कळवळून रोज तांब्याभर पाणी घातले जाते. त्याहून वाईट म्हणजे कूलरशेजारची खिडकी. तिथे दमट हवा असते, टाकीतून ठिबकणारे पाणी असते आणि ऊन जेमतेम. दुसरा काळ जून ते सप्टेंबर. वर्षाच्या हजार मिलिमीटरहून अधिक पावसातला बहुतेक याच चार महिन्यांत कोसळतो. कुंडीत शेतातली काळी माती असेल तर ती फुगते, छिद्रे बुजतात आणि आठवडाभर कुंडी हलकी होत नाही.

निदान बोटाने करावे. बुडाशी अंगठा दाबावा: निरोगी झाड कडक लागते, कुजलेले दबते, कधी साल सरकून आतून पाणी येते. जिवाणूंच्या कुजीला घाण वास येतो. बुरशीच्या कोरड्या कुजीला पुष्कळदा येत नाही. झाड एका बाजूला कलले, हलक्या हाताने हलवताच डुगडुगले, तर मुळे गेली असे समजावे. यात तीन गोष्टी फसवतात. जुन्या झाडाच्या बुडाची तपकिरी, सुकी, लाकडासारखी टणक साल म्हणजे केवळ वय. उन्हाकडच्या बाजूचा पांढरट-पिवळा टणक डाग म्हणजे भाजलेपण. तिसरी गोष्ट म्हणजे सुरकुत्या. तहानलेले झाड सुरकुतते, पण मुळे कुजलेलेही सुरकुतते, कारण त्याला पाणी ओढताच येत नाही. माती ओली असून झाड सुरकुतले असेल तर पाणी न घालता कुंडी उपडी करून मुळे पाहावीत. चांगली मुळे पांढरट आणि चिवट असतात, कुजलेल्यांची साल ओढताच मोज्यासारखी निघून येते.

उपाय एकच, तो म्हणजे कापणे. स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने खालून चकत्या काढत वर जावे आणि प्रत्येक कापानंतर पाते पुन्हा पुसावे. चकतीच्या मधोमध नसांचे कडे असते. त्यात गंजाच्या रंगाचा मोहरीएवढा ठिपका राहिला, तरी कूज तिथूनच पुन्हा वर चढते. कडे पूर्ण स्वच्छ हिरवट-पांढरे दिसेपर्यंत थांबू नये, झाड निम्मे राहिले तरी चालेल. कापावर गंधक किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडची भुकटी लावावी. घरोघरी हळद लावतात, पण आत राहिलेली कूज हळदीने थांबत नाही. तुकडा सावलीत, वाऱ्यावर उभा ठेवून कोरडा होऊ द्यावा. उन्हाळ्यात आठ-दहा दिवस, पावसाळ्यात तीन आठवडेही लागतात. मग खाली दिलेल्या कोरड्या मिश्रणात टेकवावा आणि पहिले पाणी मुळे फुटू लागल्यावरच द्यावे. लहान गोल जातींत कूज गाभ्यात शिरली असेल तर आईझाड सहसा वाचत नाही, मात्र तिची पिल्ले वेळेवर सोडवली तर जगतात.

प्रतिबंधासाठी मातीची, मोठ्या भोकाची कुंडी घ्यावी. दोन भाग जाड वाळू किंवा गिट्टीची चुरी आणि एक भाग नर्सरीची माती हे मिश्रण इथे चांगले चालते. चुरी मात्र चाळून, धुऊनच घ्यावी, नाहीतर तिची भुकटी खाली सिमेंटसारखी बसते. तळाशी खड्यांचा थर देण्याची पद्धत आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही: पाणी त्या थराच्या वरच अडते. कुंडीखालची ताटली काढावी. कुंडीबदल फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावा आणि नंतर आठवडाभर पाणी देऊ नये, म्हणजे दुखावलेली मुळे भरून येतात. मृग लागण्याआधी कुंड्या छज्ज्याखाली घ्याव्यात. नर्सरीतून आणलेल्या झाडाभोवतीचा कोकोपीटचा (नारळाच्या भुशाचा) गोळा सोडवून टाकावा, कारण तो मध्यभागी दिवसेंदिवस ओला राहतो.

लाल-पिवळ्या गोळ्याच्या कलमी निवडुंगाची गोष्ट वेगळी. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसते, तो खालच्या तीनधारी खुंटाच्या जिवावर जगतो. हा खुंट ड्रॅगनफ्रूटच्या कुळातला, उबदार हवेत वाढणारा. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला आणि माती ओली असली की आधी तोच काळा पडतो. वरचा गोळा कडक असेपर्यंत त्याचा तळ स्वच्छ कापून ताज्या खुंटावर लगेच बसवता येतो.