चिठ्ठीवरचे साल आणि तबलीतले साल

जुनी क्लासिकल गिटार हाती आली की बहुतेक जण मोबाइलचा उजेड तिच्या गोल छिद्रातून आत टाकतात आणि पाठीच्या फळीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचतात. तिच्यावर कारागिराचे नाव, गाव, रस्ता आणि साल असते, आणि ते वाचून झाले की वाद्याची ओळख पटली असे धरून चालतात. गेल्या वर्षी एका परिचितांनी मला असेच एक वाद्य दाखवले. चिठ्ठीवर ‘अंतोनियो दे तोरेस, सेव्हिल, १८६४’ असा स्पॅनिश मजकूर होता, कागद पिवळट आणि शाई तपकिरी होती.

तोरेस (१८१७–१८९२) हे नाव साधे नाही. गिटारचे पोट मोठे करणे आणि वरच्या फळीखाली पंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्या बसवणे ही आजच्या क्लासिकल गिटारची घडण त्याच्या हातून पक्की झाली. सेव्हिलमधले काम १८६९च्या सुमारास आवरून तो अल्मेरियाला परतला, तिथे त्याने चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान थाटले आणि १८७५पासून पुन्हा गिटारी करू लागला. या दुसऱ्या पर्वातल्या चिठ्ठ्यांवर ‘दुसरे पर्व’ असा स्पष्ट उल्लेख असतो. त्यामुळे सेव्हिलचा पत्ता आणि १८८०चे साल एकत्र दिसले तर तिथेच शंका घ्यावी. मात्र खोटी चिठ्ठी छापणाऱ्यालाही हे चरित्र वाचता येते. थोर वादक फ्रान्सिस्को तारेगा याची तोरेसने केलेली गिटार १८६४चीच आहे, तेव्हा हेच साल निवडण्याचा मोह कोणाला होईल हे सांगायला नको.

कागद मात्र इतका सहज वश होत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात प्रकाशवर्धक रसायने घालू लागले. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. कपडे धुण्याच्या पावडरीतही तीच असतात, म्हणून नाटकाच्या रंगमंचावरील जांभळ्या दिव्याखाली पांढरा सदरा झगझगतो. चहाच्या पाण्यात बुडवून कागद जुना भासवता येतो, पण ही रसायने त्यामुळे पुरती जात नाहीत. आम्ही अतिनील विजेरी धरली तेव्हा त्या चिठ्ठीचे कोपरे निळे उजळले.

तरीही चिठ्ठी खोटी ठरल्याने गिटार खोटी ठरत नाही. वाद्याचे वय विचारायचे तर ते सतारीच्या तबलीसारख्या त्याच्या वरच्या फळीलाच विचारावे लागते, आणि माझ्या मते या साऱ्या तपासातला सर्वांत देखणा भाग हाच आहे. ही तबली बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची असते. एकच फळी उभी चिरून तिचे दोन भाग पुस्तकाच्या पानांसारखे उघडतात आणि मधोमध सांधतात. प्रत्येक भाग साधारण १८ सेंटिमीटर रुंद असतो; खोडात दरवर्षी एक वलय वाढते, ते सरासरी सव्वा मिलिमीटरचे धरले तर त्यात सुमारे १४० वर्षांची नोंद मावते. झाडाचा सालीकडचा, म्हणजे सर्वांत अलीकडचा भाग बहुधा मधल्या सांध्याशी येतो. उंच डोंगरावरचा स्प्रूस उबदार उन्हाळ्यात रुंद वलय धरतो आणि थंड उन्हाळ्यात अरुंद. १८१५ साली तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि १८१६चा उन्हाळा युरोपात जवळपास आलाच नाही. असा धक्का एकाच वेळी हजारो झाडांत नोंदला जातो. म्हणून रुंद-अरुंद वलयांचा क्रम हा त्या प्रदेशाच्या हवामानाचा जणू ठसाच असतो.

हा ठसा जुळवण्यासाठी आधी झाडाच्या वयानुसार वलये बारीक होत जाण्याचा कल गणिताने काढून टाकतात, मग उरलेली चढउतारांची मालिका ज्ञात सालांच्या संदर्भमालिकेवर एकेक वर्ष सरकवत प्रत्येक जागी सहसंबंध मोजतात. शंभर वलयांसाठी सहसंबंध ०.५ आला तर टी-मूल्य, म्हणजे जुळणी किती भरवशाची हे सांगणारा आकडा, सुमारे ५.७ येते. ३.५ हा किमान उंबरठा मानतात. परंतु शेकडो जागा तपासल्या की एखादी जागा निव्वळ योगायोगानेही उंबरठा ओलांडते, म्हणून अनेक संदर्भमालिकांनी तेच साल सांगावे लागते. सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अंदाज घेण्याचे काम पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत झाले आहे, तेही याच पद्धतीचे. लाकडातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याची कार्बन-१४ पद्धत का वापरत नाहीत, असा प्रश्न हमखास येतो. १६५०नंतरच्या तीन शतकांत हवेतील या कार्बनचे प्रमाण असे वरखाली झाले की एकाच मोजमापातून अनेक साले निघतात.

वलये सांगतात ते इतकेच, की वाद्य अमुक सालाच्या आधीचे असू शकत नाही. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातील ‘मेसाया’ या, इटलीचा विख्यात कारागीर स्त्रादिवारी याच्या व्हायोलिनच्या चिठ्ठीवर १७१६ आहे. त्याबद्दल शंका उठल्यावर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तबलीतली वलये १५७७ ते १६८७ची निघाली. म्हणजे चिठ्ठी खोटी ठरली नाही. मात्र ती खरी असल्याचा पुरावाही यातून मिळाला, असे नव्हे. ‘माळ्यावर स्त्रादिवारी सापडले’ अशा बातम्या छापणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा, कारण स्त्रादिवारीच्या नावाच्या चिठ्ठ्या एकोणिसाव्या शतकात जर्मनी आणि बोहेमियातल्या कारखान्यांतून घाऊक प्रमाणात डकवल्या जात होत्या.

परिचितांच्या गिटारची वलये अजून मोजलेली नाहीत. पण दंतवैद्याचा छोटा आरसा आत घातला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. हवा आणि उजेड लागून पाठीची फळी आतून काळवंडते, मात्र कागदाखालचे लाकूड फिकट राहते. त्या चिठ्ठीच्या डाव्या आणि वरच्या कडेबाहेर बोटभर रुंदीची फिकट पट्टी काटकोनात वळलेली होती, आणि तिच्या कोपऱ्यात सरसाचा वाळलेला तुकडा चिकटून होता. तिथे पूर्वी याहून मोठी, दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाची चिठ्ठी होती.