स्कारा ब्रे

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूहातील मेनलँड बेटावर, स्केल उपसागराच्या काठी असलेले नवाश्मयुगीन दगडी खेडे. वस्तीचा काळ सुमारे इ.स.पू. ३१८० ते २५००. वाळूखाली दबलेले हे गाव १८५० च्या वादळाने उघडे पडले. १९२८ ते १९३० दरम्यान येथे उत्खनन करणाऱ्या गॉर्डन चाइल्ड यांनी ते लोहयुगातले मानले होते. खरे वय कळले ते १९७० च्या दशकातील कार्बन कालमापनानंतर. १९९९ पासून ते जागतिक वारसास्थळांत आहे.

गाव टिकले ते उकिरड्यामुळे. राख, हाडे, शिंपले असा कुजून घट्ट झालेला कचरा घरांभोवती रचलेला होता. चुन्याविना रचलेल्या भिंतींना त्याचा आधार मिळाला आणि वारा अडला. इथला दगड थराथराने फरशीसारखा सुटतो आणि बेटावर झाडे विरळ, म्हणून घरातले सामानही दगडीच.

घरांत उतरता येत नाही. भिंतींच्या माथ्यावरून फिरणाऱ्या वाटेवरून खाली बघावे लागते, आणि सवय नसेल तर नुसते दगडच दिसतात. त्यामुळे आधी अभ्यागत केंद्रालगतच्या प्रतिकृती-घरात वाकून शिरावे. त्याचे छत मात्र तर्कावर उभे आहे. मूळ छत उरलेले नाही. मग अवशेषांतल्या प्रत्येक घरात आधी दार शोधावे. ते जेमतेम कमरेएवढे असते, चौकटीत अडसराची भोके असतात. मधोमध चौकोनी चूल, समोर दोन कप्प्यांची दगडी मांडणी, दोन्ही बाजूंना उभ्या फरश्यांच्या चौकटीचे पलंग. उजवीकडचा बहुधा मोठा. जमिनीतल्या छोट्या हौदांचे सांधे मातीने लिंपलेले असत. त्यांत मासेमारीच्या आमिषासाठी शिंपले ठेवत असावेत. पलंग नसलेले आठवे घर कार्यशाळा समजले जाते. दोन स्त्रियांची दफने सापडलेले सातवे घर जपणुकीसाठी झाकलेले असते.

बेटावरच्या कर्कवॉल शहरापासून अंतर सुमारे ३० किमी, स्ट्रॉमनेस गावापासून ११. क्रूझ जहाजे लागतात त्या दिवशी अरुंद वाट तुंबते, तेव्हा वेळ आधी राखून ठेवावी. छत्री इथे निरुपयोगी. वारा ती उलटवतो. कानटोपी आणि पाणी न शिरणारे जाकीट घ्यावे. परतण्याआधी किनाऱ्याकडची संरक्षक भिंत पाहावी: १९२४ च्या वादळात एका घराचा भाग समुद्राने नेल्यावर ती बांधली गेली. वस्ती होती तेव्हा समुद्र बराच लांब होता.