वर्गीकरणाच्या वाटेने: पुण्यातील मते आणि कामांच्या देवाणघेवाणीची पार्श्वभूमी

महापालिकेची निवडणूक लागली की पुण्यात पाकिटे, साड्या आणि देवदर्शनाच्या सहली यांवर भरपूर बोलले जाते. हे प्रकार घडतात आणि ते गुन्हेच आहेत. पण मताच्या बदल्यात काम आणि पाठिंब्याच्या बदल्यात निधी हा मोठा व्यवहार या शहरात अंदाजपत्रकातून होत आला आहे, तोही सभागृहाच्या मंजुरीने. त्याची एक मोठी वाट म्हणजे वर्गीकरण, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवणे. त्याचा माग काढायचा तर सर्वसाधारण सभेच्या कार्यपत्रिका चाळाव्या लागतात.

नगरपालिकेच्या काळात मतदानाचा हक्क मोजक्या करदात्यांपुरता होता. 1950 मध्ये महापालिका झाली, प्रौढ मताधिकार आला आणि पेठांमधले मत तालमीत, मंडळात, वाड्याच्या चौकात ठरू लागले. नळजोड, रस्त्यावरचा दिवा, मंडळाची वर्गणी, मुलाला शिपायाची नोकरी, अशी कामे घेऊन लोक सकाळी नगरसेवकाच्या दारात उभे राहत. 1961 च्या पानशेत पुरानंतर शहर पेठांबाहेर पसरले, झोपडपट्ट्या वाढल्या आणि तिथे फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र, सर्वांत मोलाचा झाला. झोपडीला संरक्षण देणारी तारीख आधी 1 जानेवारी 1995 आणि नंतर 1 जानेवारी 2000 अशी पुढे सरकत गेली. डोक्यावरचे छप्पर टिकावे म्हणून मत देणाऱ्याला मत विकणारा म्हणणे मला मान्य नाही. त्याच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता.

पुढे व्यवहाराचे स्वरूप पैशाने बदलले. 74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू झाली, शहर वाढले, जकात आणि बांधकाम शुल्कातून तिजोरीत बरेच काही येऊ लागले. आयुक्त आपले अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समिती जमेचे आकडे वाढवते आणि वाढीव रकमेत नगरसेवकांची कामे बसवते. नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांची ‘स’ यादी वेगळी असते. सत्ताधारी माननीयांना जास्त, विरोधकांना कमी, पण अगदी रिकाम्या हाताने सहसा कोणी परतत नाही. काहीच न मिळालेला सदस्य सभागृहात उठून बोलेल, हे समितीला पक्के ठाऊक असते.

जमा फुगवलेली, त्यामुळे सगळी कामे होणे अशक्यच. एखाद्या मोठ्या प्रकल्पाची जागा ताब्यात येत नाही, निविदा अडकते, तरतूद पडून राहते. मार्च जवळ आला, त्यातही पुढे निवडणूक असली, की ती रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवण्याचे प्रस्ताव येऊ लागतात. हेच वर्गीकरण. कायद्यात ही सोय आहे आणि ती असायलाही हवी. सप्टेंबर 2019 मध्ये आंबिल ओढ्याच्या पुराने सीमाभिंती पाडल्या, तशा वेळी पुढच्या एप्रिलपर्यंत थांबा असे कोण सांगेल? समर्थकांचा दुसरा मुद्दाही खोटा नाही. प्रभागातल्या गल्लीचे काम मोठ्या प्रकल्पांच्या गर्दीत कधीच पुढे येत नाही, नगरसेवकाने ओढून आणले तरच होते.

वाद आहे तो पैसा कुठून निघतो आणि कुठे जातो याचा. निघतो तो बहुधा जमिनीखालच्या किंवा दूरच्या कामांतून, म्हणजे मलवाहिनी, जलवाहिनी, भूसंपादन यांतून. जातो तो डोळ्यांना दिसणाऱ्या कामांकडे: बाकडी, कमानी, नामफलक, ओपन जिम, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या, चांगल्या अवस्थेतल्या गल्लीचे पुन्हा काँक्रीटीकरण. बाकड्यावर नाव घालता येते, मलवाहिनीवर येत नाही. 3 लाख रुपयांवरच्या कामांनाच ई-निविदा सक्तीची असताना कामांचे तुकडे पाडून ती त्याखाली बसवली जात, म्हणजे ठेकेदारही ओळखीतलाच राही. निवडणुकीत कार्यकर्त्यांच्या गाड्या आणि जेवणावळी कोण सांभाळतो हे पाहिले की साखळी पूर्ण होते.

माझ्या मते सर्वांत गंभीर बाब मंजुरीच्या पद्धतीत आहे. एकाच कार्यपत्रिकेवर सगळ्या पक्षांची वर्गीकरणे असतात. तुमचे मी अडवत नाही, माझे तुम्ही अडवू नका. विषय पुकारला जातो, आवाजी होकार येतो, ठराव मंजूर. मतदान मागितले गेले नाही, तर कोणत्या सदस्याने कशाला हात वर केला याची नोंदच राहत नाही. मतदाराचे मत मोजले जाते, नोंदवले जाते, त्याच्या प्रतिनिधीचे मात्र हवेत विरते. जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यातही हेच झाले. 2013 मध्ये सभागृहाने तो उपसूचनांसह, म्हणजे सदस्यांनी सुचवलेल्या बदलांसह, मंजूर केला, त्यावर सुमारे 87,000 हरकती आल्या, 2015 मध्ये राज्य सरकारने आराखडा स्वतःच्या ताब्यात घेतला आणि जानेवारी 2017 मध्ये त्याला मान्यता दिली. सार्वजनिक वापरासाठी राखलेल्या जागेचे आरक्षण उठवणारी उपसूचना कोणाच्या पाठिंब्यावर तरली, याचे उत्तर सामान्य पुणेकराला कधी मिळाले नाही.

पक्षांमधली देवाणघेवाणही याच रीतीने चालते. 2007 मध्ये राज्यात एकत्र सरकार चालवणाऱ्या दोन पक्षांपैकी एकाने शहरात दुसऱ्याला बाजूला ठेवले आणि विरोधकांशी हातमिळवणी केली. ‘पुणे पॅटर्न’ हे नाव तेव्हाचे. पदे वाटून घेतली गेली. महापौरपदाची अडीच वर्षे सव्वा-सव्वा वर्षांत विभागण्याची प्रथाही पुढे रुळली. पक्षादेश मोडला तर 1986 च्या राज्य कायद्याने सदस्यत्व जाऊ शकते, पण पक्षच सौदा करत असेल तर पक्षादेश त्या सौद्याचेच रक्षण करतो.

प्रभागाचा आकारही सरकार बदलेल तसा बदलत राहिला: 2002 मध्ये तीन सदस्य, 2007 मध्ये एक, 2012 मध्ये दोन, 2017 मध्ये चार. चार जणांच्या पॅनेलमध्ये काम कोणी केले हे मतदाराला कळेनासे होते आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो उरलेल्या तिघांना ओढून नेतो. जबाबदारी पातळ झाली, खर्च वाढला. चारच्या प्रभागाचा निर्णय पुणेकरांना विचारून झालेला नव्हता.

मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे प्रशासकाचे राज्य आले. ‘स’ यादी थांबली, पण मागणे थांबले नाही. लोक आमदारांकडे जाऊ लागले, माजी नगरसेवक अधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर बसू लागले. लाचेच्या कायद्याकडे पाहावे, तर 1993 च्या लोकसभेतील अविश्वास ठरावावर पैसे घेऊन मतदान केल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या 1998 च्या निकालाने खासदारांना संरक्षण दिले होते. 4 मार्च 2024 रोजी सात न्यायमूर्तींनी ते काढून घेतले. त्या निकालाचे स्वागत व्हायलाच हवे. मात्र वर्गीकरणात पैसा कोणाच्या हातात पडत नाही, तो प्रभागाच्या नावावर जातो, त्यामुळे लाचेची व्याख्या तिथवर पोहोचत नाही.

15 जानेवारी 2026 ला मतदान झाले आणि 41 प्रभागांतून 165 सदस्य निवडून आले. प्रभाग पुन्हा चारचेच, एक तर पाचचा. वर्गीकरणाच्या प्रत्येक ठरावावर नावानिशी मतदान व्हावे, कोणत्या कामाची तरतूद कापली हे त्या प्रभागाच्या क्षेत्रीय कार्यालयात लावले जावे, ही मागणी जुनीच आहे. तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही. सभागृहात सदस्यांनी मतदान मागायचे आणि कार्यालयात एक फलक लावायचा, इतकेच करायचे आहे.