पार्श्वभूमी : स्पोर्ट रेसिफे, त्याचे दोन शेजारी आणि १९८७ चे विजेतेपद

१३ डिसेंबर १९८७, रविवार. रिओच्या माराकाना मैदानावर फ्लामेंगोने इंतेरनासिओनालला १-० ने हरवले आणि विजयाची फेरी मारली. त्याच दिवशी ब्राझीलच्या ईशान्येकडच्या रेसिफे शहरात तिथला स्पोर्ट हा फुटबॉल क्लब आणि कांपिनासचा ग्वारानी पेनल्टी मारत होते. धावफलक ११-११ वर आला तेव्हा दोन्ही संघांनी आपसात ठरवून पेनल्टी थांबवल्या. दोघांनाही ठाऊक होते की पुढच्या फेरीतली जागा पक्की आहे. देशाचा विजेता त्या फेरीतून ठरणार आहे. त्या पुढच्या फेरीचे काय झाले, यावर ब्राझीलमध्ये तीस वर्षे कोर्टकचेरी चालली. स्पोर्टच्या इतिहासातली हीच मधली गाठ आहे. ती सोडवण्याआधी रेसिफेतली जुनी भाऊबंदकी थोडी समजून घ्यावी लागते.

स्पोर्टची स्थापना १३ मे १९०५ ची. इंग्लंडमध्ये शिकून परतलेल्या एका तरुणाने फुटबॉलचे वेड शहरात आणले. पहिला सामना स्थानिक इंग्रजांच्या संघाशी झाला आणि २-२ असा बरोबरीत सुटला. पेर्नाम्बुको राज्याची स्पर्धा १९१५ मध्ये सुरू झाली. तिचा पहिला विजेता रेसिफेचाच एक क्लब होता आणि त्याचे नाव होते फ्लामेंगो. रिओच्या फ्लामेंगोशी त्याचा संबंध नाही, पण पुढे जे घडले ते पाहता हे नाव लक्षात राहते. स्पोर्टने १९१६ आणि १९१७ ची स्पर्धा जिंकली. बोधचिन्हातला सिंह १९१९ च्या बेलें दौऱ्यातला: तिथे जिंकलेल्या चषकावर सिंह होता, तोच पुढे क्लबची ओळख झाला.

नाउतिको वयाने थोरला. १९०१ ची स्थापना, मूळचा कापिबारिबे नदीवरचा नौकानयन क्लब, बड्या घरांतल्या मंडळींचा. स्पोर्ट-नाउतिको पहिली गाठ २५ जुलै १९०९ ला पडली आणि नाउतिको ३-१ ने जिंकला. या लढतीला ‘क्लासिको दोस क्लासिकोस’ म्हणतात, म्हणजे सगळ्या पारंपरिक लढतींतली मानाची लढत. सांता क्रूझ धाकटा. ३ फेब्रुवारी १९१४ ला बोआ विस्ता भागातल्या सांता क्रूझ चर्चच्या पटांगणात खेळणाऱ्या मिसरूड न फुटलेल्या पोरांनी तो काढला. आधी काळा-पांढरा, मग लाल रंग आला आणि या तीन पट्ट्यांमुळे त्याला प्रवाळ सर्पाचे नाव चिकटले. गोरगरीब वस्त्यांचा पाठिंबा या क्लबाला पहिल्यापासून. म्हणून स्पोर्ट-सांता क्रूझ लढतीचे नाव ‘क्लासिको दास मुल्तिदोंइस’ म्हणजे जनसागराची लढत. स्पोर्टचा चाहता नाउतिकोला जुन्या मानापमानासाठी हरवू पाहतो. सांता क्रूझला हरवायचे असते कारण दुसऱ्या दिवशी कचेरीत, बाजारात, बसमध्ये त्याच लोकांशी गाठ असते.

स्पोर्टचे मैदान इल्या दो रेतिरो ४ जुलै १९३७ ला खुले झाले, तेही सांता क्रूझविरुद्ध आणि ६-५ अशा निकालाने. १९५० च्या विश्वचषकातला ईशान्य ब्राझीलमधला एकमेव सामना इथेच झाला: चिलीने अमेरिकेला ५-२ ने हरवले. त्याच विश्वचषकाचा सर्वाधिक गोल करणारा आदेमिर याच क्लबात घडला आणि १९४२ मध्ये रिओच्या वास्कोला गेला. पुढे वावा आणि जुनिन्यो हेही इथूनच वास्कोला गेले. खेळाडू घडवायचा रेसिफेने, त्याचे सोने व्हायचे रिओत. १९८७ चा राग नुसता एका चषकाचा नाही, त्यामागे हा जुना हिशेब आहे.

राज्य स्पर्धेबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. ब्राझीलमध्ये वर्षाचे पहिले काही महिने राज्य स्पर्धा आणि नंतर राष्ट्रीय साखळी, असा क्रम बराच काळ आहे. त्यामुळे तिघांपैकी एखादा राष्ट्रीय पातळीवर तळाला गेला तरी दरवर्षी सुरुवातीला गाठ पडतेच. वैर शिळे होत नाही. नाउतिकोने १९६३ ते १९६८ अशी लागोपाठ सहा विजेतीपदे घेतली, आणि इतर दोघांना ते आजवर जमलेले नाही. सांता क्रूझने लगेच १९६९ ते १९७३ अशी पाच घेतली, स्पोर्टने १९९६ ते २००० अशी पाच. एकूण मोजदादीत मात्र स्पोर्ट बराच पुढे आहे: २०२५ च्या विजयाने ४५.

आता १९८७.

त्या वर्षी राष्ट्रीय महासंघाची तिजोरी रिकामी होती आणि स्पर्धा भरवण्याचा खर्च झेपणार नाही असे त्याने सांगून टाकले. देशातल्या तेरा बड्या क्लबांनी जुलैमध्ये आपली संघटना काढली, टीव्ही आणि प्रायोजकांकडून पैसा उभा केला आणि स्वतःची स्पर्धा जाहीर केली. तेरांत ईशान्येचा एकच क्लब, साल्वादोरचा बाहिया. मग तीन पाहुणे बोलावून संख्या सोळा केली: गोयास, कोरितिबा आणि सांता क्रूझ. रेसिफेत ही बातमी कशी लागली असेल याची कल्पना करा. सांता क्रूझच्या आरुदा मैदानावर माराकानातली मंडळी खेळायला येणार, आणि स्पोर्ट आणि नाउतिको दाराबाहेर.

बाहेर फक्त तेच नव्हते. १९८६ च्या राष्ट्रीय स्पर्धेचा उपविजेता ग्वारानी बाहेर, आणि त्याच स्पर्धेत उपांत्य फेरी गाठलेला रिओचा अमेरिका क्लबही बाहेर. म्हणजे निवड गेल्या वर्षीच्या निकालावर झाली नव्हती. नाव आणि गर्दी पाहून झाली होती. बड्या क्लबांची बाजू मांडताना हा मुद्दा नेहमी गाळला जातो.

वगळलेल्यांचा आरडाओरडा वाढला तसा महासंघ परत मैदानात उतरला आणि त्याने तडजोड काढली. सोळा क्लबांच्या स्पर्धेला ‘हिरवे मॉड्यूल’ म्हटले आणि दुसऱ्या सोळांचे ‘पिवळे मॉड्यूल’ केले. ग्वारानी, स्पोर्ट, नाउतिको, बांगू, आणि १९८६ ला साओ पाउलो राज्याचा विजेता ठरलेला इंतेर दे लिमेरा हे सगळे पिवळ्यात होते. अमेरिका क्लबाने खेळायलाच नकार दिला. दोन्ही गटांतले पहिले दोन शेवटी एकमेकांशी खेळतील, त्या चौघांतून विजेता ठरेल आणि पहिले दोघे लिबेर्तादोरेस या दक्षिण अमेरिकेच्या क्लब स्पर्धेला जातील, अशी मांडणी होती. या शेवटच्या फेरीला ‘क्रुझामेन्तो’, म्हणजे दोन वाटा एकमेकींना छेदतात ती जागा, असा शब्द रूढ झाला.

सगळा घोळ ‘मॉड्यूल’ या शब्दात आहे. ‘श्रेणी’ म्हटले असते तर वर-खाली ठरले असते. पहिली श्रेणी जिंकणारा देशाचा विजेता आणि दुसरी जिंकणारा वर चढणारा, इतका सरळ हिशेब. पण मॉड्यूल म्हणजे एकाच स्पर्धेचा भाग. कागदावर हिरवा आणि पिवळा बरोबरीचे होते, दोन्हींतून सारखेच दोन संघ पुढे जात होते. फ्लामेंगोचे समर्थक आजही पिवळ्याला ‘दुसरी श्रेणी’ म्हणतात. ताकदीचा विचार केला तर हिरव्यात जास्त तगडे संघ होते, हे मान्य करायला हरकत नाही. पण ताकद ही नियमावली नसते. १९८६ चा उपविजेता कोणत्या निकालाने दुसऱ्या श्रेणीत गेला, याचे उत्तर त्या बाजूने कधी आलेले नाही.

दुसरा प्रश्न सहीचा. तेरा क्लबांच्या संघटनेच्या वतीने एका क्लबाच्या पदाधिकाऱ्याने महासंघाशी बोलणी केली आणि शेवटच्या फेरीला संमती दिली. उरलेल्यांचे म्हणणे, आम्ही त्याला तसा अधिकार दिलाच नव्हता, आमच्यात आधीच ठरले होते की ही फेरी खेळायची नाही. हा बचाव पोकळ नाही. मात्र अधिकाराचा वाद संघटनेच्या आत मिटवायचा असतो. समोरच्या पक्षाने कागद धरूनच चालायचे.

मैदानावर काय झाले ते पाहू. पिवळ्याच्या अंतिम लढतीत ग्वारानीने घरी २-० आणि स्पोर्टने घरी ३-० असे जिंकले. गोलांचा फरक धरला असता तर स्पोर्ट तिथेच जिंकला असता, पण दोघांचा एकेक विजय म्हणून लढत जादा वेळेत गेली. त्यात गोल झाला नाही आणि पेनल्टी ११-११ वर थांबल्या. पुढे ग्वारानीने हक्क सोडला आणि पिवळ्याचे विजेतेपद स्पोर्टकडे गेले. जानेवारी १९८८ मध्ये शेवटची फेरी रद्द करावी म्हणून क्लबांची बैठक झाली. नियम असा होता की स्पर्धा सुरू झाल्यावर नियमावलीत बदल करायचा तर सर्व क्लबांचे एकमत लागते. ते झाले नाही. मतमोजणीतली ही एकमताची अटच पुढे सगळ्या न्यायालयांत निर्णायक ठरली.

फ्लामेंगो आणि इंतेरनासिओनाल खेळायला उतरले नाहीत, त्यामुळे त्यांचे सामने समोरच्यांना बहाल झाले. उरले स्पोर्ट आणि ग्वारानी. ३० जानेवारीला कांपिनासमध्ये १-१. ७ फेब्रुवारी १९८८ ला इल्या दो रेतिरोवर स्पोर्टने १-० ने जिंकले. गोल मार्को आंतोनियोचा, डोक्याने मारलेला. महासंघाने स्पोर्टला १९८७ चा विजेता म्हटले आणि १९८८ च्या लिबेर्तादोरेसला स्पोर्ट आणि ग्वारानी गेले. दक्षिण अमेरिकेच्या महासंघाने हे दोन संघ स्वीकारले, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. खरे तर ती सर्वांत साधा पुरावा आहे.

स्पोर्टने विजेतेपद पक्के करून घेण्यासाठी फेडरल न्यायालयात दावा लावला. १९९४ मध्ये निकाल स्पोर्टच्या बाजूने लागला आणि अपिलांतही टिकला. इथे कायद्यातला प्राङ्न्याय आडवा येतो: ज्या मुद्द्याचा अंतिम निवाडा झाला तो पुन्हा उकरता येत नाही. तरीही फेब्रुवारी २०११ मध्ये महासंघाने ठराव काढून फ्लामेंगोलाही १९८७ चा सहविजेता केले. स्पोर्ट न्यायालयात गेला आणि जूनमध्ये महासंघाला तो ठराव मागे घ्यावा लागला. २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ४-१ अशा बहुमताने आणि १८ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ३-१ ने स्पोर्टची बाजू उचलून धरली. फ्लामेंगो सरस की स्पोर्ट, हा प्रश्न न्यायाधीशांपुढे नव्हता. अंतिम निवाडा झाल्यावर महासंघ ठराव काढून तो बदलू शकतो का, एवढेच तपासले गेले, आणि उत्तर नाही असे आले.

२०११ लाच हे का उफाळले? कारण एका सरकारी बँकेने १९७५ मध्ये ठेवलेला चषक. लागोपाठ तीन किंवा एकूण पाच राष्ट्रीय विजेतीपदे पहिल्यांदा मिळवणाऱ्याला तो कायमचा मिळणार होता. १९८७ धरले तर फ्लामेंगोची पाच १९९२ मध्येच पुरी होतात. न धरले तर साओ पाउलो क्लबाची १९७७, १९८६, १९९१, २००६ आणि २००७. म्हणजे रेसिफेचा खटला हा मुळात स्पोर्टचा असला तरी त्याच्या निकालावर दोन बड्या क्लबांचा चषक टांगलेला होता. तेवढ्यापुरते रेसिफेचे नाव देशभर गाजले.

फ्लामेंगोची मोजणी आजही वेगळी आहे. २०१९ ला तो जिंकला तेव्हा महासंघाच्या यादीत हे सहावे विजेतेपद, चाहत्यांच्या गाण्यात सातवे.

स्पोर्टचा दुसरा मोठा चषक निर्विवाद आहे. २००८ च्या कोपा दो ब्राझील या राष्ट्रीय बाद स्पर्धेत त्याने पाल्मेरास, इंतेरनासिओनाल आणि वास्को यांना बाद केले आणि अंतिम फेरीत कोरिंथियन्सला गाठले. साओ पाउलोतला पहिला सामना ३-१ ने हरला, पण एनिल्तोनचा तो एक गोल लाखमोलाचा होता. बाहेर मारलेला गोल बरोबरीत जास्त मोजला जाई, त्यामुळे घरी २-० पुरेसे होते. ११ जूनला कार्लिन्योस बाला आणि लुसियानो एन्रिके यांनी पहिल्या अर्ध्यातच तीन मिनिटांच्या अंतराने ते दोन गोल केले. ३-३, आणि चषक रेसिफेत. बाला आधी सांता क्रूझसाठी खेळून गाजलेला, म्हणून तो आनंद शेजाऱ्यांना जास्तच झोंबला.

त्यानंतरचा काळ वर-खाली करण्यातच गेला. स्पोर्ट २००९ ला पहिल्या श्रेणीतून खाली गेला, २०११ ला वर, २०१२ ला खाली, २०१३ ला वर, २०१८ ला खाली, २०१९ ला वर, २०२१ ला खाली, २०२४ ला वर. सांता क्रूझची घसरण याहून भीषण: २००६ ला पहिल्या श्रेणीत असलेला क्लब २००९ ला चौथीत होता. तरी २०११ मध्ये चौथ्या श्रेणीत खेळताना त्याच्या घरच्या सामन्यांना सरासरी सुमारे ३७ हजार प्रेक्षक येत, आणि त्या वर्षी देशात कोणत्याही क्लबाची सरासरी एवढी नव्हती. नाउतिकोच्या वाट्याला २००५ चा आपल्याच आफ्लितोस मैदानावरचा सामना आला: ग्रेमियोचे चार खेळाडू बाहेर काढलेले, नाउतिकोला दोन पेनल्टी मिळालेल्या, दोन्ही वाया गेल्या आणि सामना ०-१ ने हातचा गेला. पहिल्या श्रेणीचे दारही बंद झाले.

वैराची काळी बाजूही आहे. मे २०१४ मध्ये आरुदाच्या गॅलरीतून शौचालयाचे भांडे खाली फेकले गेले आणि एक तरुण चाहता दगावला. फेब्रुवारी २०२४ मध्ये फोर्तालेझाच्या संघाच्या बसवर स्पोर्टच्या चाहत्यांनी दगड आणि स्फोटके फेकली, सहा खेळाडू जखमी झाले. १ फेब्रुवारी २०२५ ला सांता क्रूझ-स्पोर्ट सामन्याआधी भर रस्त्यात टोळ्या भिडल्या आणि राज्य सरकारने दोन्ही क्लबांचे काही सामने प्रेक्षकांविना खेळवण्याचा आदेश काढला. या टोळ्यांवर बंदीचे हुकूम अनेकदा निघाले. नाव बदलून त्याच टोळ्या परत उभ्या राहतात आणि हाणामारी स्टेडियमपासून दूरच्या बसथांब्यांवर सरकते. मैदानातला बंदोबस्त तिथे पोहोचत नाही.

२०२५ च्या अखेरीस स्पोर्ट पहिल्या श्रेणीत तळाला राहून पुन्हा खाली आला. त्याच वर्षी सांता क्रूझ चौथ्या श्रेणीतून तिसरीत चढला.