एपीएस टेस्ट (अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी)

अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे एपीएस, यात आपलीच प्रतिकारशक्ती उलटते आणि रक्तात गुठळ्या होतात, कधी पायाच्या शिरेत, कधी फुप्फुसात, कधी मेंदूत. लंडनच्या ग्रॅहम ह्यूजेस यांनी १९८३ मध्ये हा आजार मांडला. कमी वयात लकवा मारला, किंवा गर्भ पुन्हा पुन्हा पडत असला की डॉक्टर ही टेस्ट लिहून देतात.

टेस्ट एक नाही, तीन आहेत, आणि तिन्ही उलटलेल्या प्रतिकारशक्तीने बनवलेल्या अँटीबॉडी शोधतात. अँटीकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन, या दोन्हींचे आयजीजी आणि आयजीएम (अँटीबॉडीचे दोन प्रकार) असे वेगवेगळे आकडे येतात. तिसरी लुपस अँटिकोॲग्युलंट, आणि खरी किचकट हीच. घोणस, म्हणजे विदर्भातली परड, हिचं विष एकदम पातळ करून प्लाझ्मात (रक्तातला पिवळसर पातळ भाग) घालतात आणि गुठळी धरायला किती सेकंद लागले ते मोजतात, अँटीबॉडी असली की वेळ वाढतो आणि वरून जास्तीचं फॉस्फोलिपिड (पेशींच्या आवरणातला चरबीसारखा पदार्थ) घातलं की परत कमी होतो. नळीत रक्त उशिरा गोठतं पण अंगात मात्र गुठळ्या होतात, म्हणून रिपोर्टमधला एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) वाढलेला बघून 'रक्त पातळ आहे' असं ठरवून मोकळं होऊ नये.

उपाशीपोटी जायची गरज नाही. पण निळ्या झाकणाची सायट्रेटवाली (रक्त गोठू न देणारं द्रव्य असलेली) ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, हे प्रमाण बिघडलं की रिपोर्टही बिघडतो. नंतर प्लाझ्मा मशीनमध्ये दोनदा फिरवून प्लेटलेट (गुठळी धरणाऱ्या बारीक पेशी) काढायच्या आणि सॅम्पल बाहेरगावी जाणार असेल तर गोठवूनच पाठवायचं, नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा तर यात जराही ढिलाई चालत नाही. हेपरिन, वॉरफरिन, रिवारोक्साबॅन यातलं रक्त पातळ करणारं काही औषध चालू असेल तर लुपसची टेस्ट चुकू शकते, हे रक्त देतानाच सांगा, गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका पॉझिटिव्ह रिपोर्टवर एपीएस ठरत नाही. इन्फेक्शनमुळे किंवा काही औषधांमुळेही ही अँटीबॉडी थोडे दिवस वाढते, म्हणून किमान १२ आठवड्यांनी टेस्ट परत करतात, आकडा साधारण ४० युनिटच्या वर टिकला किंवा लुपस परत पॉझिटिव्ह आली तरच त्याला वजन. तिन्ही पॉझिटिव्ह असतील तर गुठळीचा धोका सगळ्यात जास्त. गडचिरोली, गोंदियाकडून नागपूरच्या मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा धंतोली-रामदासपेठेत दाखवायला येणाऱ्यांना दुसरी खेप जड जाते हे खरंय, भाडं असतं, मजुरी बुडते, पण पहिल्या रिपोर्टची तारीख जपून ठेवा आणि ही खेप चुकवू नका.

आणि गर्भ पडला की सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी हे ऐकावं, यात तिचा काहीच दोष नसतो. निदान पक्कं झालं तर गरोदरपणात कमी डोसची ॲस्पिरिन आणि हेपरिनची इंजेक्शनं देतात आणि बहुतेकींच्या हातात बाळ येतं. वॉरफरिन गरोदरपणात टाळतात, एरवी गुठळी होऊन गेलेल्यांना तीच देतात आणि आयएनआर (वॉरफरिनचा असर दाखवणारा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवतात.