तुटपुंज्या पैशांत उभं राहिलेलं अंतराळ

१९५३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ओळीनं सहा शनिवारी बीबीसीवर ‘द क्वाटरमास एक्स्परिमेंट’ ही विज्ञानमालिका दाखवली गेली. अंतराळात तिघे जातात. यान परत येतं तेव्हा आत एकच जण उरलेला असतो आणि तोही हळूहळू माणूस राहत नाही. लेखक नायजेल नील, दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टियर. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून मालिका थेट प्रक्षेपित व्हायची. चूक झाली तर ती लाखोंच्या समोर व्हायची, दुसरा टेक नाही.

शेवटच्या भागात तो जीव वेस्टमिन्स्टर ॲबी या लंडनच्या चर्चमध्ये जाऊन पसरतो. दोनच महिन्यांपूर्वी तिथे राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला होता आणि तो पाहायला कित्येक घरांत पहिल्यांदा टीव्ही आला होता. त्याच पवित्र जागेत आता राक्षस दाखवायचा होता आणि हातात पैसे जवळजवळ नव्हते. मग ॲबीचा एक फोटो मोठा करून घेतला, त्याला भोकं पाडली आणि झाडपाला चिकटवलेले हातमोजे त्यातून पुढे काढले. मोज्यांत हात होते खुद्द नील यांचे आणि ज्युडिथ कार यांचे. ज्युडिथ पुढे त्यांची पत्नी झाली आणि मुलांच्या पुस्तकांसाठी घरोघरी ओळखली जाऊ लागली. ती लहानपणी हिटलरच्या जर्मनीतून निसटली होती, मूळचा व्हिएन्नाचा कार्टियरही नाझींमुळेच जर्मनी सोडून आलेला. या माणसांनी दाखवलेली भीती पोकळ नव्हती.

ब्रिटिश विज्ञानमालिकांची सगळी ताकद मला त्या हातमोज्यांत दिसते. अमेरिकेत विज्ञानकथा चित्रपटाच्या अंगानं वाढली. ब्रिटनमध्ये ती नाटक आणि रेडिओच्या घरात वाढली. १९३८ मध्येच बीबीसीनं चेक लेखक कारेल चापेकच्या यंत्रमानवांवरच्या नाटकाचा पस्तीस मिनिटांचा प्रयोग टीव्हीवर केला होता. स्टुडिओ लहान, वेळ थोडा, पैसा त्याहून थोडा. अशा वेळी भार पडतो तो संवादावर, नटावर आणि कल्पनेवर. भव्य दृश्यं दहा वर्षांत शिळी होतात, चांगला संवाद होत नाही.

यामागे आणखी एक धागा आहे आणि भारतीय वाचकाला तो चटकन जाणवतो. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सनं १८९८ मध्ये कादंबरीत मंगळवासीयांची स्वारी इंग्लंडवर आणली, तेव्हा युरोपियनांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचं काय केलं याची आठवण त्यानं पहिल्याच प्रकरणात करून दिली. दुसऱ्याच्या भूमीवर राज्य करणारा देश स्वतःवर स्वारी झाल्याची कल्पना करू लागला, तिथून हा प्रवाह निघतो. १९५८ च्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या क्वाटरमास मालिकेत माणसातला परक्याविषयीचा द्वेष हाच मंगळाचा वारसा ठरतो. त्याच वर्षी लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये वंशद्वेषी दंगली झाल्या होत्या.

१९६१ मध्ये ‘ए फॉर अँड्रोमेडा’ आली. रेडिओ दुर्बिणीवर देवयानी तारकासमूहाच्या दिशेकडून संदेश येतो, तो उलगडल्यावर एक संगणक कसा बांधायचा याच्या सूचना मिळतात आणि पुढे तो संगणकच जीव घडवायला लावतो. जॉन एलियटसोबत ती लिहिणारा होता फ्रेड हॉयल, केंब्रिजचा नामांकित खगोलशास्त्रज्ञ. त्या काळात त्याच्या हाताखाली संशोधन करत होते कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. वैज्ञानिकानं स्वतः लेखणी उचलून कथा सांगावी, हे उदाहरण नारळीकरांसमोर गुरूच्याच रूपानं होतं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली आणि ती पहिली आली. मराठी विज्ञानकथेच्या मागे केंब्रिजची ही वाट आहे, ती विसरली जाऊ नये असं मला वाटतं.

आता ‘डॉक्टर हू’, कालयानातून काळात आणि अंतराळात भटकणाऱ्या ‘डॉक्टर’ नावाच्या परग्रहवासीयाची मालिका. त्याला टाळून या विषयावर बोलताच येत नाही.

१९६३ मध्ये बीबीसीच्या नाट्यविभागाचा प्रमुख होता सिडनी न्यूमन, कॅनडाहून आलेला. शनिवारी संध्याकाळी खेळांचा कार्यक्रम आणि तरुणांचा गाण्यांचा कार्यक्रम यांच्या मधली वेळ त्याला भरायची होती, तीही आजीपासून नातवापर्यंत सगळे एकत्र बसतील अशा रीतीनं. निर्मिती त्यानं व्हेरिटी लॅम्बर्टकडे दिली. ती सत्तावीस वर्षांची होती आणि तिथल्या पुरुषांच्या गराड्यात जवळपास एकटी. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मलेला, चोवीस वर्षांचा. लाइम ग्रोव्हचा जुना अरुंद स्टुडिओ त्यांच्या वाट्याला आला, भागामागे खर्च अडीच हजार पौंडांच्या आत. कालयानाला दर आठवड्याला नवं रूप देणं परवडणारं नव्हतं. म्हणून रूप बदलणारी यंत्रणा बिघडली असं कथेतच घातलं आणि पोलिसांना फोन लावायचं रस्त्यावरचं निळं खोकं हेच रूप कायमचं राहिलं. बाहेरून खोकं, आत मात्र मोठं दालन. त्या खोक्यात कुठलंही पोर मनानं शिरू शकत होतं.

आवाजाचंही तसंच. बीबीसीचा ध्वनिकार ब्रायन हॉजसन यानं आईच्या घराची किल्ली जुन्या पियानोच्या तारांवर घासली आणि ते ध्वनिमुद्रण फिरवून, ताणून यानाची घरघर तयार केली. शीर्षकसंगीत रॉन ग्रेनरचं, पण त्याला कानांनी ओळखू येईल असं रूप दिलं डेलिया डर्बिशायरनं. सिंथेसायझर हाताशी नव्हता. एकेक सूर वेगळा मुद्रित करायचा, टेप ब्लेडनं कापायची, मापून जोडायची. ग्रेनर थक्क झाला. मानधनातला अर्धा वाटा तिला द्यावा असं त्याचं म्हणणं होतं, पण बीबीसीच्या नियमात ते बसत नव्हतं. पडद्यावर तिचं नाव आलं २०१३ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. ही गोष्ट आजही मला बोचते.

पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ ला लागला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. लोकांचं लक्ष कुठे असणार! पुढच्या शनिवारी तो पुन्हा दाखवावा लागला. डिसेंबरात मात्र डेलेक हे डॉक्टरचे परग्रहावरचे शत्रू आले आणि सगळं पालटलं. लेखक टेरी नेशनचं बालपण कार्डिफमध्ये, बॉम्बवर्षावाच्या काळात गेलं होतं. शुद्ध वंशाच्या वेडानं पछाडलेले हे प्राणी नाझींवरूनच सुचले. त्यांची रचना करणाऱ्या रेमंड क्यूसिकनं त्यांना पाय दिले नाहीत, त्यामुळे आत माणूस आहे हे डोळ्यांना पटतच नाही. ती कथा संपेपर्यंत प्रेक्षक एक कोटीच्या पुढे गेले होते. १९६६ मध्ये डॉक्टरची भूमिका करणाऱ्या विल्यम हार्टनेलची प्रकृती ढासळली, तेव्हा डॉक्टरचं शरीरच बदलतं अशी तोड काढली. नट बदलला, पात्र टिकलं.

बाकीच्यांत ‘द प्रिझनर’ १९६७ ची, वेल्समधल्या पोर्टमेरियन गावात चित्रित झालेली, अवघ्या सतरा भागांची. १९७८ मध्ये नेशनचीच ‘ब्लेक्स सेव्हन’ आली. तिच्यात अंतराळातलं सरकार जुलमी, नायक शिक्षा झालेले कैदी, आणि १९८१ च्या नाताळाच्या तोंडावर लागलेल्या शेवटच्या भागात नायकच मारला जातो. लहानथोरांच्या कार्यक्रमात इतका कडू शेवट करायचं धाडस मला फार मोठं वाटतं.

दरम्यान बीबीसीनं आपलाच ठेवा पुसून टाकला. व्हिडिओटेप महाग होती, कलाकारांच्या करारांमुळे जुने भाग हवे तितक्या वेळा पुन्हा दाखवता येत नव्हते, घरी कॅसेट विकता येतील ही कल्पनाही नव्हती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत टेप पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. पहिल्या ‘क्वाटरमास’चे तर सहापैकी दोनच भाग मुळात फिल्मवर उतरवले गेले, म्हणून तेवढेच उरले. ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले कितीतरी भाग गेले, पण त्या गेलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे. तो जपला प्रेक्षकांनी. मुलांनी टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर ठेवून घरातल्यांना गप्प बसवलं आणि भागामागून भाग उतरवून घेतले. परदेशी विकलेल्या फिल्मच्या प्रतीही शोधल्या गेल्या. नायजेरियातल्या जॉस शहरात अशा नऊ हरवलेल्या भागांच्या प्रती सापडल्या आणि २०१३ मध्ये त्या लोकांपुढे आल्या.

१९८९ मध्ये ‘डॉक्टर हू’ मालिका बंद पडली, तेव्हा ती याच प्रेक्षकांनी कादंबऱ्या आणि ध्वनिनाट्यांतून चालू ठेवली. २००५ मध्ये ती परत आणणारा रसेल टी. डेव्हिस लहानपणापासूनचा चाहता. डॉक्टर पाहून नट व्हायचं ठरवलेला डेव्हिड टेनंट स्वतः डॉक्टर झाला. १९७४ मध्ये शाळकरी वयात ‘रेडिओ टाइम्स’ या बीबीसीच्या साप्ताहिकाला कौतुकाचं पत्र लिहिणारा पीटर कपाल्डी २०१३ मध्ये त्याच भूमिकेत आला. २०२३ पासून डिस्नेचा पैसा आला, दृश्यं झगमगली. दोन हंगामांनंतर ती भागीदारी संपली. बीबीसीनं मात्र मालिका पुढे चालू ठेवायचं जाहीर केलं आहे.