गोठलं ते इंधन नव्हे

पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की स्कूटर कशी गचके खाते, हे ज्याने ऐन पावसात अनुभवलंय त्याला लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या 2008 च्या विमान-अपघाताची निम्मी गोष्ट आधीच ठाऊक आहे.

विमानाचं इंजिन इंधनावाचून का अडखळतं, याचा शोध पूर्वी वैमानिकच हवेत घेत. 1940 च्या लढाईत ब्रिटिश लढाऊ विमानं नाक खाली करून सूर मारू लागली की कार्बुरेटरमुळे इंजिन बंद पडे. बिघाड हवा तेव्हा घडवून आणता येत होता, त्यामुळे उड्डाण-चाचण्यांत त्याचा माग लागला. एका महिला अभियंत्याने 1941 मध्ये सुचवलेल्या भोकाच्या छोट्याशा पितळी तुकड्याने तात्पुरतं काम भागलं.

17 जानेवारी 2008 चं प्रकरण असं वठणीवर येणारं नव्हतं. बीजिंगहून आलेलं बोइंग 777 हीथ्रोला उतरताना 720 फुटांवर उजव्या इंजिनाची ताकद घटली, सात सेकंदांनी डाव्याची. विमान धावपट्टीअलीकडे गवतात आदळलं. 152 जण होते, सगळे वाचले. टाक्यांत दहा टन इंधन शिल्लक होतं.

'इंधन गोठलं' असं तेव्हा सर्रास म्हटलं गेलं, आजही म्हटलं जातं. ते चूक आहे. त्या इंधनाचा गोठणबिंदू उणे 57 अंश होता आणि प्रवासात ते उणे 34 च्या खाली गेलंच नाही. गोठलं ते त्यातलं पाणी. विमानाच्या इंधनात थोडं पाणी असतंच. टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत नमुना काढला की खाली थेंब दिसतो, तो जड म्हणून बसलेला. पण विरघळलेलं पाणी बरणीत दिसत नाही. थंडी वाढली की ते सुटं होतं आणि त्याचे बर्फाचे कण बनतात. नियमांत बसणारं, स्वच्छ इंधनही यातून सुटत नाही. म्हणूनच शब्दाची ही गफलत मला खटकते, कारण दोष नकळत इंधनावर जातो.

हा बर्फ मागेही काही ठेवत नाही, वितळतो. तपासकांनी 1,75,000 उड्डाणांच्या नोंदी चाळल्या. प्रवासभर कमी इंधनप्रवाह, उतरताना अचानक जास्त मागणी आणि तेव्हाचं इंधनाचं तापमान, यातली प्रत्येक बाब सुटी घेतली तर नेहमीची. तिन्हींचा मेळ मात्र विरळाच. असा मेळ आकाशात मुद्दाम जुळवायचा कसा? अखेर जमिनीवरच्या चाचणी-संचात उत्तर मिळालं: नळीला चिकटलेला बर्फ मागणी वाढताच एकदम सुटतो आणि तेलाच्या उष्णतेने इंधन तापवणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतो. अहवालात तरीही शब्द पडला तो 'बहुधा'.

दरम्यान विमानं उडतच राहिली. वैमानिकांना सांगितलं गेलं की ताकद घटली तर थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) पुढे न ढकलता मागे घ्या, म्हणजे प्रवाह कमी होऊन गरम तेल बर्फ वितळवेल. नोव्हेंबर 2008 मध्ये शांघायहून अटलांटाला जाणाऱ्या अशाच विमानाचं एक इंजिन मोंटानावर अडखळलं आणि प्रवाह कमी केल्यावर सावरलं. पण तिथे उंची हाताशी होती. 720 फुटांवर थ्रॉटल मागे कोण घेणार? म्हणून उतरण्याआधी काही क्षण पूर्ण ताकद देऊन बर्फ झटकण्याची पद्धतही आली. माझ्या मते ही ठिगळंच होती.

दोष होता एक्स्चेंजरच्या तोंडावर: हजारावर बारीक नळ्यांची टोकं पत्र्याच्या किंचित बाहेर आलेली, बर्फाला अडकायला सोयीची. नव्या भागात ती पत्र्याला सपाट केली गेली.